कार्ल स्टॉट्स

कार्ल एडविन स्टॉट्स (२० फेब्रुवारी १९१० – ४ जून १९९२) हे अमेरिकन क्रीडासंघटक आणि लहान मुलांच्या बेसबॉलसाठी स्थापन झालेल्या लिटल लीग या संघटनेचे संस्थापक होते. पेनसिल्व्हेनिया राज्यातील विल्यम्सपोर्ट या शहरात त्यांनी १९३९ साली तीन संघांची एक स्थानिक लीग सुरू केली. १९४७ साली निरनिराळ्या लीगमधून निवडलेल्या उत्तम खेळाडूंच्या, म्हणजेच ऑल-स्टार संघांची पहिली स्पर्धा विल्यम्सपोर्ट येथे भरली. हीच स्पर्धा पुढे लिटल लीग वर्ल्ड सिरीज या नावाने जगप्रसिद्ध झाली. या स्पर्धेने स्टॉट्स यांची कल्पना देशभर आणि नंतर देशाबाहेर पोहोचवली. परंतु त्या विस्तारातून निर्माण झालेल्या मतभेदांमुळे स्थापनेनंतर अवघ्या १७ वर्षांत त्यांना आपल्याच संघटनेपासून दूर व्हावे लागले.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बेसबॉल हा अमेरिकेतील सर्वाधिक लोकप्रिय खेळ होता, तरी लहान मुलांसाठी त्याची संघटित व्यवस्था जवळजवळ नव्हती. अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेने १९२५ साली कुमारांसाठी बेसबॉलचा कार्यक्रम हाती घेतला आणि १९२६ साली त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा फिलाडेल्फिया येथे झाली. हा कार्यक्रम मात्र मोठ्या कुमारवयीन मुलांसाठी होता. बारा वर्षांखालील मुलांना गल्लीत, मोकळ्या जागेत किंवा मोठ्या मुलांनी मैदान सोडल्यावर खेळावे लागे.

ऑल-स्टार सामन्याची कल्पनाही याच काळात रूढ झाली. शिकागो ट्रिब्यून या वृत्तपत्राचे क्रीडासंपादक आर्च वॉर्ड यांच्या प्रयत्नांमुळे ६ जुलै १९३३ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्कवर अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग या दोन व्यावसायिक लीगच्या निवडक खेळाडूंमध्ये सामना झाला. एका मोसमापुरते प्रतिस्पर्धी असलेले खेळाडू एका दिवसापुरते एकाच संघात येतात, हे या सामन्याचे आकर्षण होते. पुढील दशकात हीच पद्धत मुलांच्या खेळातही आली. एस्क्वायर या मासिकाने १९४४ ते १९४६ या तीन वर्षांत देशभरातील वृत्तपत्रांच्या साहाय्याने निवडलेल्या कुमार खेळाडूंचे पूर्व विरुद्ध पश्चिम असे सामने भरवले. १९४६ साली हर्स्ट वृत्तपत्रसमूहाने सुरू केलेला सँडलॉट क्लासिक हा न्यूयॉर्कमधील वार्षिक सामना १९६५ पर्यंत चालला. व्यावसायिक संघांचे निवडकर्ते या सामन्यांकडे लक्ष ठेवून असत. स्टॉट्स यांनी उभारलेली व्यवस्था याहून वेगळी होती. तिचा आरंभ निवडक मुलांपासून झाला नाही. वस्तीतील सामान्य मुलांपासून झाला.

प्रारंभिक जीवन

स्टॉट्स यांचा जन्म विल्यम्सपोर्ट येथे झाला. सस्कुहाना नदीच्या पश्चिम शाखेकाठी वसलेले हे शहर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकूड व्यापाराचे मोठे केंद्र होते. स्टॉट्स यांच्या तरुणपणापर्यंत ती भरभराट ओसरली होती आणि १९३०च्या दशकातील महामंदीची झळ शहरालाही बसली होती.

बालपणापासून त्यांना बेसबॉलची विलक्षण आवड होती. त्या काळातील बहुतेक मुलांप्रमाणे त्यांनाही जुन्या बॅटी आणि चिकटपट्टी गुंडाळलेले चेंडू यांवर भागवावे लागले. मोठी मुले मैदानात असली की लहानांच्या वाट्याला खेळण्याची संधी क्वचितच येई. विवाहानंतर ते विल्यम्सपोर्टमध्येच स्थायिक झाले आणि नोकरी करून संसार चालवू लागले. त्यांना मुलगा नव्हता. मात्र शेजारी राहणाऱ्या दोन लहान भाच्यांबरोबर ते नेहमी अंगणात चेंडू खेळत.

कल्पना आणि प्रयोग

१९३८च्या उन्हाळ्यात भाच्यांबरोबर खेळताना चेंडूमागे धावणाऱ्या स्टॉट्स यांचा पाय लायलॅकच्या झुडपाच्या तोडलेल्या खुंटांवर घासला आणि घोट्याला खरचटले. दुखावलेला पाय घेऊन पायरीवर बसले असताना त्यांच्या मनात स्वतःच्या बालपणीच्या खेळाच्या आठवणी जाग्या झाल्या. मोठ्यांसारखा गणवेश, नवे चेंडू, पंच आणि ठरलेले सामने लहान मुलांनाही मिळावेत, हा विचार त्यांनी भाच्यांना बोलून दाखवला. लिटल लीगच्या इतिहासात हा प्रसंग संघटनेचा उगम मानला जातो.

या कल्पनेतील खरी अडचण मैदानाच्या मापांची होती. बेसबॉलचे आतले मैदान चौरसाकृती असते आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर बेस असतात. फलंदाजाने चेंडू टोलवल्यावर पहिल्या बेसकडे धावायचे आणि क्षेत्ररक्षकाने चेंडू त्याच्याआधी तेथे पोहोचवायचा, ही या खेळातील मूळ चुरस होय. प्रौढांच्या मैदानात दोन बेसमधील अंतर ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर असते. दहा वर्षांच्या मुलाचा हात एवढ्या अंतरावर जोरदार आणि अचूक फेक करू शकत नाही. त्यामुळे जमिनीवरून गेलेला साधा फटकाही फलंदाजाला बेसवर पोहोचवतो, चुरस संपते आणि खेळ रेंगाळतो. पिचरलाही, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला, प्रौढांसाठी ठरवलेले ६० फूट ६ इंचांचे अंतर झेपत नाही.

स्टॉट्स यांनी परिसरातील मुलांना जमवून निरनिराळ्या अंतरांवर खेळवून पाहिले. धावणारा मुलगा आणि फेकलेला चेंडू पहिल्या बेसवर जवळजवळ एकाच वेळी पोहोचतील असे अंतर ते शोधत होते. अखेर दोन बेसमधील अंतर ६० फूट, म्हणजे प्रौढांच्या मैदानाच्या दोनतृतीयांश ठरले. पिचरचे अंतरही कमी करण्यात आले. पुढे त्यात बदल होऊन ते ४६ फूट झाले. सामन्यात नऊऐवजी सहा डाव ठेवण्यात आले. ६० फुटांचे माप आजही लिटल लीगच्या मुख्य गटात कायम आहे. मोठ्यांचा खेळ मुलांवर न लादता मुलांच्या शक्तीनुसार खेळाचे मोजमाप बदलणे, हे स्टॉट्स यांचे सर्वांत मोठे योगदान मानले जाते.

पहिला हंगाम

लीगसाठी पैशाची गरज होती. महामंदीच्या काळात स्टॉट्स यांनी शहरातील व्यापाऱ्यांचे आणि कारखानदारांचे उंबरठे झिजवले. पन्नासाहून अधिक ठिकाणी नकार मिळाल्यावर लायकमिंग डेअरी या दुग्धव्यवसाय संस्थेने प्रथम होकार दिला. त्यानंतर लंडी लंबर ही लाकूड कंपनी आणि जंबो प्रेट्झेल ही खाद्यपदार्थांची कंपनी पुढे आली. प्रत्येक प्रायोजकाने दिलेल्या सुमारे ३० डॉलरमधून मुलांचे गणवेश घेण्यात आले आणि प्रायोजकांचीच नावे तिन्ही संघांना मिळाली. होम प्लेट आणि बेस यांसारखे काही साहित्य स्टॉट्स यांनी स्वतःच्या हातांनी तयार केले. स्टॉट्स, जॉर्ज बेबल आणि बर्ट बेबल हे तिघे पहिल्या तीन संघांचे व्यवस्थापक होते. हे काम ते विनावेतन करीत.

६ जून १९३९ रोजी लिटल लीगचा पहिला सामना झाला. त्यात लंडी लंबर संघाने लायकमिंग डेअरी संघाचा २३–८ असा पराभव केला. लीगमध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश होता. प्रारंभीच्या लीगमध्ये मुलींना स्थान नव्हते. सामने संध्याकाळी होत आणि मुलांचे पालक व शेजारी ते पाहण्यास जमत. स्थानिक प्रायोजक, विनावेतन काम करणारे पालक आणि एका ठरावीक वस्तीतील मुले या तीन गोष्टींवर लीगची रचना आधारलेली होती. दुसऱ्या गावात लीग काढू इच्छिणाऱ्यांना हीच रचना सहज उचलता येण्याजोगी होती.

विस्तार

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लीगची वाढ मंदावली, तरी विल्यम्सपोर्टमधील खेळ थांबला नाही. १९४२ साली मूळ लीग बोमन फील्ड या व्यावसायिक संघाच्या मैदानाजवळ नव्या जागी आली. युद्ध संपल्यावर परतलेले तरुण वडील, वाढती उपनगरे आणि हाती आलेला मोकळा वेळ यांमुळे अशा उपक्रमांना अनुकूल वातावरण निर्माण झाले. १९४६ पर्यंत लीगची संख्या १२ झाली. त्या सर्व पेनसिल्व्हेनियातच होत्या. १९४७ साली न्यू जर्सी राज्यातील हॅमंटन येथे राज्याबाहेरची पहिली लीग सुरू झाली.

ऑल-स्टार संघ आणि १९४७ची स्पर्धा

लीगची संख्या वाढल्यावर त्यांच्यातील सामन्यांची मागणी होऊ लागली. एका लीगमध्ये चार किंवा अधिक संघ असल्याने प्रत्येक लीगमधून कोणता संघ पाठवायचा, हा प्रश्न होता. विजेता संघ पाठवण्याऐवजी त्या लीगच्या सर्व संघांतून उत्तम मुले निवडून एकच संघ बनवण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे हंगामभर एकमेकांविरुद्ध खेळलेली मुले हंगाम संपल्यावर आपल्या गावाच्या नावाने एकत्र खेळू लागली. दुर्बल संघातील गुणी मुलालाही या पद्धतीत संधी मिळे. या संघांना ऑल-स्टार संघ म्हटले जाऊ लागले.

ऑगस्ट १९४७ मध्ये विल्यम्सपोर्ट येथे नॅशनल लिटल लीग टूर्नामेंट या नावाने ११ संघांची पहिली स्पर्धा भरली. हॅमंटनचा अपवाद वगळता सर्व संघ पेनसिल्व्हेनियाचे होते. अंतिम सामन्यात विल्यम्सपोर्टच्याच मेनार्ड मिजेट्स संघाने लॉक हेवन संघाला १६–७ असे हरवले. पुढील वर्षी लॉक हेवनने फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्ग संघाविरुद्ध विजय मिळवून अजिंक्यपद पटकावले. १९४९ साली हॅमंटनचा संघ विजयी झाला.

स्पर्धेमुळे लीगच्या वार्षिक वेळापत्रकाचे दोन भाग पडले. पहिल्या भागात वस्तीतील प्रत्येक नोंदलेले मूल खेळे. दुसऱ्या भागात केवळ निवडलेली मुले जिल्हा, राज्य आणि विभाग अशा पायऱ्या चढत विल्यम्सपोर्टपर्यंत जाण्याचा प्रयत्न करीत. वृत्तपत्रे आणि वृत्तपट यांचे लक्ष स्वाभाविकपणे दुसऱ्या भागाकडे अधिक गेले. बारा वर्षांच्या मुलांवर राष्ट्रीय स्पर्धेचे दडपण येऊ द्यावे काय, असा प्रश्न पुढील दशकात अनेक शिक्षणतज्ज्ञांनी आणि डॉक्टरांनी उपस्थित केला.

यू.एस. रबर आणि संघटनेचे नवे रूप

१९४८ साली यू.एस. रबर ही मोठी कंपनी लिटल लीगची राष्ट्रीय प्रायोजक झाली. तिच्या आर्थिक पाठबळामुळे देशभरातील संघांना विल्यम्सपोर्टपर्यंत आणणे शक्य झाले आणि स्टॉट्स यांना नोकरी सोडून संघटनेचे पूर्णवेळ काम करता आले. ते संघटनेचे आयुक्त झाले. १९४८ मध्ये ९४ असलेली लीगची संख्या १९४९ मध्ये ३०७ झाली. त्याच वर्षी सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट या लोकप्रिय साप्ताहिकात लिटल लीगवर लेख प्रसिद्ध झाला आणि नवी लीग काढण्यासंबंधी विचारणा करणारी शेकडो पत्रे स्टॉट्स यांच्याकडे आली. १९५० साली पनामा कालव्याच्या परिसरात आणि त्यानंतर कॅनडात लीग सुरू झाल्या.

पसारा वाढताच कारभाराचे स्वरूपही बदलले. लिटल लीगची कायदेशीर संस्था म्हणून नोंदणी झाली आणि तिच्या संचालक मंडळावर प्रायोजक कंपनीचा प्रभाव वाढला. १९५२ साली यू.एस. रबरमधील अधिकारी पीटर मॅकगव्हर्न संघटनेचे अध्यक्ष झाले. त्या वेळी लीगची संख्या १,५०० हून अधिक होती. १९५३ साली स्पर्धेचा अंतिम सामना प्रथमच दूरचित्रवाणीवर दाखवण्यात आला.

मतभेद आणि न्यायालयीन वाद

स्टॉट्स यांच्या मते लिटल लीग ही मूलतः गावोगावच्या पालकांची चळवळ होती. स्थानिक लीगना कारभारात प्रतिनिधित्व मिळावे, नियम ठरवताना त्यांचे मत घेतले जावे आणि मुलांचा खेळ कंपन्यांच्या जाहिरातीचे साधन होऊ नये, अशी त्यांची भूमिका होती. नव्या नेतृत्वाला मात्र हजारो लीगचा कारभार एका केंद्रातून आणि एकसारख्या नियमांनी चालावा असे वाटत होते. अध्यक्षांकडे प्रशासनाची सूत्रे गेल्यावर स्टॉट्स यांचे आयुक्तपद बऱ्याच अंशी नामधारी उरले.

१९५५ साली स्टॉट्स यांनी संघटनेविरुद्ध न्यायालयात दावा दाखल केला. या वादामुळे विल्यम्सपोर्टमध्ये दोन तट पडले. स्टॉट्स यांच्याबरोबर वर्षानुवर्षे काम केलेल्या अनेकांना दोहोंपैकी एक बाजू निवडावी लागली. अखेर प्रकरण न्यायालयाबाहेर मिटले आणि १९५६ मध्ये स्टॉट्स यांचा लिटल लीगशी असलेला संबंध संपला. लिटल लीग हे नाव, नियमपुस्तिका आणि वार्षिक स्पर्धा संघटनेकडे राहिली.

१९५५ची चार्ल्स्टन घटना

त्याच वर्षी ऑल-स्टार पद्धतीपुढे आणखी एक गंभीर प्रश्न उभा राहिला. साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्स्टन येथे कॅनन स्ट्रीट वाय.एम.सी.ए. या संस्थेच्या कृष्णवर्णीय मुलांच्या लीगने आपला ऑल-स्टार संघ स्पर्धेसाठी नोंदवला. त्याच्याशी खेळण्याऐवजी राज्यातील सर्व श्वेतवर्णीय संघांनी माघार घेतली. लिटल लीगच्या मुख्यालयाने वंशभेदाच्या आधारावर संघ वगळण्यास नकार दिला. परंतु प्रत्यक्ष सामना न जिंकता पुढील फेरीत जाता येत नाही, या नियमावर बोट ठेवून कॅनन स्ट्रीटच्या संघालाही पुढे खेळू दिले नाही. मुलांना पाहुणे म्हणून विल्यम्सपोर्टला बोलावण्यात आले आणि त्यांनी अंतिम स्पर्धा प्रेक्षकांत बसून पाहिली. त्यांना खेळू द्यावे, अशा घोषणा उपस्थित प्रेक्षकांनी दिल्या. साउथ कॅरोलायनातील लीगनी पुढे लिटल लीग सोडून श्वेतवर्णीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना काढली. २००२ साली त्या संघातील हयात खेळाडूंचा विल्यम्सपोर्ट येथे गौरव करण्यात आला.

हा निर्णय स्टॉट्स यांचा नव्हता. त्या वेळी प्रशासन त्यांच्या हाती राहिले नव्हते. तथापि निवडक मुलांना एका मैदानावर आणणारी पद्धत त्या मुलांच्या गावांतील भेदही मैदानावर आणते, हे या घटनेने प्रकर्षाने दाखवून दिले.

ओरिजिनल लीग

लिटल लीगपासून वेगळे झाल्यावर स्टॉट्स यांनी विल्यम्सपोर्टमधील आपली मूळ लीग स्वतंत्रपणे चालू ठेवली. लिटल लीग हे नाव वापरता येत नसल्याने ती ओरिजिनल लीग या नावाने ओळखली जाऊ लागली. राष्ट्रीय संघटनेशी तिचा संबंध नव्हता आणि तिच्या मुलांना वर्ल्ड सिरीजचा मार्ग खुला नव्हता. तिचे सामने वस्तीतील संघांमध्येच होत.

सुरुवातीची काही वर्षे एकाच शहरात दोन वेगळ्या व्यवस्था शेजारीशेजारी नांदत होत्या. १९५९ साली वर्ल्ड सिरीज नदीपलीकडील साउथ विल्यम्सपोर्ट येथे नव्याने बांधलेल्या हॉवर्ड जे. लमाड स्टेडियमवर गेली. तत्पूर्वी १९५७ साली मेक्सिकोतील माँटेरे शहराच्या संघाने अजिंक्यपद मिळवले होते. अमेरिकेबाहेरील संघाचे ते पहिलेच विजेतेपद होते. त्या अंतिम सामन्यात आंखेल मासियास या मुलाने प्रतिस्पर्ध्यांच्या एकाही फलंदाजाला बेसवर पोहोचू दिले नाही. स्पर्धेची कीर्ती अशी जगभर पसरत असताना तिचे जनक जुन्या मैदानावर परिसरातील मुलांचे सामने भरवत होते.

उत्तरायुष्य आणि मृत्यू

स्टॉट्स अखेरपर्यंत विल्यम्सपोर्ट परिसरातच राहिले. प्रारंभीच्या काळातील कागदपत्रे, छायाचित्रे आणि साहित्य त्यांनी जपून ठेवले होते. केनेथ लॉस यांच्या सहकार्याने त्यांनी आपल्या आठवणी सांगितल्या आणि त्या १९९२ साली अ प्रॉमिस केप्ट या नावाने पुस्तकरूपात प्रसिद्ध झाल्या. भाच्यांना दिलेल्या शब्दाचा संदर्भ पुस्तकाच्या शीर्षकात आहे. ४ जून १९९२ रोजी, म्हणजे लिटल लीगच्या पहिल्या सामन्याच्या ५३व्या वर्धापनदिनाच्या दोन दिवस आधी, त्यांचे निधन झाले.

वारसा

विल्यम्सपोर्टमधील मूळ मैदान आज कार्ल ई. स्टॉट्स फील्ड या नावाने ओळखले जाते. १९४७ ते १९५८ या काळातील सर्व वर्ल्ड सिरीज याच मैदानावर झाल्या. विल्यम्सपोर्ट आणि साउथ विल्यम्सपोर्ट यांना जोडणाऱ्या सस्कुहाना नदीवरील पुलालाही स्टॉट्स यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांचे जुने मैदान आणि संघटनेचे नवे स्टेडियम नदीच्या दोन काठांवर आहेत.

स्टॉट्स यांच्यानंतर संघटनेत अनेक बदल झाले. न्यू जर्सीतील न्यायालयीन लढ्यानंतर १९७४ साली मुलींना लिटल लीगमध्ये अधिकृत प्रवेश मिळाला. अनेक देशांमध्ये तिच्या लीग सुरू झाल्या आणि त्यांतील मुले पुढे व्यावसायिक बेसबॉलमध्ये चमकली. तरीही ६० फुटांचे मैदान, सहा डावांचा सामना, स्थानिक प्रायोजक आणि विनावेतन काम करणारे पालक ही मूळ चौकट टिकून आहे. दर उन्हाळ्यात नियमित हंगाम संपल्यावर प्रत्येक लीग आपला ऑल-स्टार संघ निवडते. त्यांपैकी फारच थोडे संघ विल्यम्सपोर्टला पोहोचतात. बहुसंख्य मुलांचा खेळ मात्र आपल्या वस्तीतील मैदानावरच सुरू होतो आणि तेथेच पूर्ण होतो. स्टॉट्स यांनी १९३९ साली मैदान आखले ते प्रामुख्याने या दुसऱ्या मुलांसाठी.